२६ महिने, ४१ हजार किलोमीटर: जुनी डिझेल लक्झरी सेडान वापरताना

गाडी घेतली तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि मीटरवर ७८ हजार होते. तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे). आज मीटर १ लाख १९ हजार दाखवतोय. एवढ्या काळात इंजिन एकदाही उघडावं लागलं नाही. त्रास दिला तो इंजिनाभोवतीच्या गोष्टींनी, आणि त्यातला मोठा भाग मी गाडी कशी वापरत होते त्यातून आला.

डिझेल म्हणजे टिकाऊ, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि ते खरंही होतं. १९७६ साली आलेल्या मर्सिडीज डब्ल्यू १२३ मालिकेतल्या डिझेल गाड्या टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर धावल्या. पण त्या इंजिनांत इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) शे-सव्वाशे बार दाबावर उघडायचा आणि धूर सरळ बाहेर जायचा. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून कॉमन रेल (पंपाने एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाखाली भरलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरांना देणारं तंत्र) प्रवासी गाड्यांत आलं, तेव्हा दाब १३५० बारवर गेला. आता तो दोन हजारांच्या पुढे असतो. हा दाब तयार करणाऱ्या पंपाला वंगण मिळतं ते खुद्द डिझेलमधून. डिझेलमध्ये पाणी मिसळलं की पंप आतून घासला जातो आणि त्याचा चुरा रेलमधून थेट इंजेक्टरांत पोचतो. मग एक भाग बदलून भागत नाही, पूर्ण इंधनव्यवस्था उतरवावी लागते. त्यामुळे डिझेल फिल्टर मी पुस्तकात दिलेल्या निम्म्या अंतरावर बदलते. या बाबतीत काटकसर करू नका, एवढंच सांगेन.

पहिले सहा महिने स्वप्नासारखे गेले. लांबच्या रस्त्यावर लिटरला १७ किलोमीटर, आणि चढावर खालचा गिअर न पडताही गाडी ओढत राहायची. मग माझ्या कामाची जागा बदलली. रोजची फेरी सहा किलोमीटरवर आली आणि तिथून गोष्टी बिघडत गेल्या.

आधी डीपीएफचा दिवा लागला. डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टमधला काजळी धरून ठेवणारा फिल्टर. काजळी साचली की इंजिन थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडतं, एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापतो आणि काजळी जळून जाते. याला रिजनरेशन म्हणतात. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि मी तर दहा मिनिटांत गाडी बंद करत होते. वर्कशॉपने स्कॅनर लावून सक्तीचं रिजनरेशन करून दिलं. तीन आठवड्यांत दिवा परत आला. दुसऱ्या खेपेला सांगितलं गेलं की डीपीएफच बदला.

मी थांबले, कारण एक गोष्ट मनात खटकत होती. ऑइल कमी होईल अशी भीती सगळ्यांना असते, माझं ऑइल वाढत होतं! या गाडीला डिपस्टिक नाही, पातळी स्क्रीनवर बघायची असते. ती दोन महिन्यांत कमाल खुणेच्या वर गेली होती. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रिजनरेशनमधलं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. असं पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगचं वैरी असतं.

मग मी ओबीडी अॅडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं उपकरण) लावून कूलंटचं तापमान बघत गाडी चालवली. काटा नव्वदच्या घरात स्थिर राहायला हवा होता, तो मोकळ्या रस्त्यावरही ७३-७४ च्या पुढे जाईना. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला होता. इंजिन नीट तापतच नसेल तर रिजनरेशन कधी लांबणार, कधी सुरूच होणार नाही. नवा थर्मोस्टॅट, नवं ऑइल, नवा ऑइल फिल्टर, आणि त्यानंतर तासभर लांब फेरी. दिवा गेला तो आजतागायत लागलेला नाही. एका साध्या झडपेसाठी मी अख्खा डीपीएफ बदलून बसले असते आणि नवाही तसाच तुंबला असता.

तेव्हापासून रिजनरेशन ओळखायला शिकले. थांबल्यावर आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) नेहमीपेक्षा किंचित वर राहतं, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, क्षणिक अॅव्हरेज एकदम पडतं, गाडी बंद केली तरी पंखा जोरात फिरत राहतो. यातलं काही दिसलं की घरी पोचले तरी मी गाडी बंद करत नाही, आणखी एक वळसा मारून येते. आठवड्यातून एकदा तरी चाळीस मिनिटं सलग चालवते.

ऑइलचं म्हणाल तर दर दहा हजार किलोमीटरला बदलते, आणि कमी राखेचंच, एसीईए सी३ (डीपीएफच्या गाड्यांसाठीचा युरोपीय ऑइल दर्जा) किंवा उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचं. काजळी जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची साठते.

अॅडब्लूने, म्हणजे धुरातले विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायच्या द्रवाने, वेगळा धडा दिला. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी शुद्ध पाणी. ते भरताना सांडलं तर पुसून घ्यायचं, कारण सुकल्यावर पांढरे खडे होतात आणि झाकण जाम करतात. पण अडचण द्रवाची नव्हती. १ लाख ४ हजारांवर नॉक्स सेन्सर (धुरातले हेच नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) गेला आणि स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू झाली: इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. टाकी भरलेली असूनही! हा संदेश दिसला की दुरुस्ती पुढे ढकलू नका, मोजणी संपल्यावर एकदा बंद केलेली गाडी जागची हलत नाही.

एअर सस्पेन्शन मात्र आधी सूचना देतं, आपण बघायला हवं. सकाळी पुढची डावी बाजू दोन बोटं खाली बसलेली दिसायची, गाडी सुरू केली की वर यायची. साबणाचं पाणी फवारल्यावर रबरी फुग्याच्या घडीत बुडबुडे दिसले. तिथेच दुर्लक्ष केलं असतं तर गळती भरून काढताना कॉम्प्रेसर जळाला असता. एक स्ट्रट (फुगा आणि शॉक अॅब्सॉर्बरचा जोड) बदलला, हवा भरणारा कॉम्प्रेसर वाचला.

गिअरबॉक्सबद्दल सगळीकडे ऐकलं की ऑइल आयुष्यभराचं आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं सांगते. मी ९५ हजारांवर बदललं. या आठ गिअरच्या पेटीत फिल्टर प्लॅस्टिकच्या तळपात्रातच बसवलेला असतो, म्हणून पात्रासकट बदलावं लागतं. पातळी ऑइल ठरलेल्या तापमानाला असतानाच बघतात, तेव्हा हे काम माहीत असलेल्या हातांकडेच द्या. दुसऱ्यावरून तिसऱ्यात जातानाचा हलका धक्का त्यानंतर गेला.

ब्रेक, टायर, बॅटरी यांत विशेष काही नाही. बॅटरी एजीएम प्रकारचीच (स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत वापरतात ती बंदिस्त बॅटरी) घ्या आणि बदलल्यावर स्कॅनरवरून गाडीला तशी नोंद करून द्या, एवढं पुरे.

ज्यांची रोजची फेरी पाच-सात किलोमीटरची आहे आणि लांब जाणं क्वचित, त्यांनी ही गाडी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पेट्रोल किंवा इलेक्ट्रिक घ्या. ज्यांना दर आठवड्याला दोन-तीनशे किलोमीटर मोकळा रस्ता मिळतो, त्यांनी सर्व्हिसचे कागद, ऑइल बदलाची अंतरं आणि स्कॅनरवरचा डीपीएफमधल्या राखेचा आकडा बघून खुशाल घ्यावी. माझ्या गाडीचा तो आकडा मी दर सर्व्हिसला वहीत लिहून ठेवते. गेल्या दोन नोंदींत तो अगदी थोडा सरकलाय.