बिऱ्हाड हलवल्यावर : मास्टोडॉन आणि ब्लूस्काय, वापरानंतरचा अनुभव

मास्टोडॉन हे ट्विटरसारखं समाजमाध्यम वापरायला लागून वर्ष उलटलं. तशाच धर्तीच्या ब्लूस्कायवर त्यानंतर काही महिन्यांनी आले. आता दोन्हीकडे रोजचा वावर आहे. या दोन्हींची ओळख करून देणारं लेखन पुष्कळ सापडतं, पण त्यातलं बरंचसं पहिल्या आठवड्यातलं असतं, आणि पहिल्या आठवड्यात फक्त ॲप कळतं. आपला सर्व्हर बंद पडतो, कुणीतरी हात धुऊन मागे लागतं, तक्रार करायची वेळ येते, तेव्हा ही व्यवस्था मुळात कशी बांधली आहे ते समजतं. माझ्या वाट्याला हे सगळं आलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

प्राथमिक माहिती थोडक्यात. मास्टोडॉन २०१६ मध्ये ऑयगेन रोख्को यांनी सुरू केलं. एकच कंपनी आणि एकच संकेतस्थळ असं ते नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत, आणि ते ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाच्या नियमावलीने एकमेकांशी बोलतात. या नियमावलीला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. मुख्य टाइमलाइन वेळेच्या क्रमाने येते, कुठलंही गणित मध्ये पडून पोस्ट वर-खाली करत नाही. मला हे पहिल्या दिवसापासून आवडलं आणि आजही आवडतं. नव्या माणसाला मात्र सुरुवातीला सगळं ओस वाटतं, कारण शोधाशोध आपली आपल्यालाच करावी लागते. हॅशटॅग फॉलो करायला लागल्यावर ती अडचण बरीच कमी होते.

आता मुख्य मुद्दा. माझा पहिला सर्व्हर एक जण हौसेने, पदरमोड करून चालवत होता. एके दिवशी त्याची सूचना आली की खर्च आणि वेळ दोन्ही झेपेनासे झालेत, तीन महिन्यांनी सर्व्हर बंद होईल. एरवी अशी बातमी म्हणजे शून्यापासून सुरुवात. इथे तसं झालं नाही. दुसऱ्या सर्व्हरवर नवं खातं काढलं, त्याच्या सेटिंगमध्ये जुन्या खात्याचा पत्ता नोंदवला. मग जुन्या खात्यात जाऊन नवा पत्ता आणि पासवर्ड टाकला. त्यानंतर जुना सर्व्हर प्रत्येक फॉलोअरच्या सर्व्हरला निरोप धाडतो की या बाईंचा पत्ता बदलला, आणि ते सर्व्हर आपण होऊन नव्या पत्त्याला फॉलो करतात. नव्या खात्यावरचा शून्य हळूहळू चढत गेला, आणि रात्रीपर्यंत बहुतेक सगळी मंडळी पोचली होती. त्यांच्यापैकी कुणालाही काही करावं लागलं नाही. मी ज्यांना फॉलो करत होते त्यांची यादी, ब्लॉक, म्यूट, बुकमार्क हे सगळं सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलींमध्ये उतरवून नव्या ठिकाणी चढवलं. बिऱ्हाड हलवावं आणि शेजारपाजारही सोबत यावा, असा हा प्रकार होता. समाजमाध्यमांवर इतकी वर्षं घालवूनही ही सोय मी पहिल्यांदाच अनुभवली.

मात्र यात दोन मोठ्या अडचणी आहेत, आणि त्या आधी माहीत असायला हव्यात. पहिली : निरोप धाडायला जुना सर्व्हर जिवंत लागतो. तो न सांगता मेला तर फॉलोअर गेले ते गेलेच. म्हणूनच मास्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवं असेल तर सर्व्हरला कबूल करावं लागतं की बंद करण्याआधी किमान तीन महिन्यांची सूचना देऊ, रोज बॅकअप घेऊ आणि अडीअडचणीला सर्व्हरचा ताबा घेऊ शकेल असा आणखी एक माणूस ठेवू. सर्व्हर निवडताना लोक नाव किंवा विषय बघतात. मी सांगेन, आधी ही कबुली बघा.

दुसरी अडचण जास्त जिव्हारी लागते. पोस्ट सोबत येत नाहीत. संग्रह मागवता येतो, त्यात आपलं लेखन आणि चित्रं सगळं असतं, पण तो संग्रह नव्या सर्व्हरवर चढवायची सोय नाही. माझं महिनोन्‌महिन्यांचं लेखन आज माझ्या संगणकावरच्या एका फाइलीत पडून आहे. त्याखाली इतरांनी केलेल्या चर्चा, कुणीकुणी दिलेल्या दुरुस्त्या तर त्या फाइलीतही नाहीत. लेखन वाचता येतं, पण त्यावर कुणाला उत्तर देता येत नाही.

कायद्याने मिळालेल्या हक्काचंही असंच आहे. युरोपचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २० नुसार आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मिळण्याचा आणि ती दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. थेट एका कंपनीकडून दुसरीकडे पाठवण्याची बाब मात्र ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर’ या अटीवर आहे. मोठ्या कंपन्या झिप फाइल देतात आणि मोकळ्या होतात. ती घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न तसाच राहतो. जोवर घेणारा दरवाजा नाही तोवर देणाऱ्या दरवाजाला फारसा अर्थ नाही, आणि मास्टोडॉनमध्ये हा घेणारा दरवाजा माणसांपुरता उघडा आहे, लेखनासाठी बंद आहे.

पत्त्याचा प्रश्नही यातलाच. मास्टोडॉनवर तुमची ओळख सर्व्हरच्या डोमेनला, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या नावाला, चिकटलेली असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘क्विअर डॉट एएफ’ नावाच्या सर्व्हरचं डोमेन गेलं, कारण ‘एएफ’ हे अफगाणिस्तानचं डोमेन आणि त्यावर ताबा तालिबान सरकारचा. चालवणारे दुसरीकडे, वापरणारे तिसरीकडे, आणि पत्ता काढून घेणारा चौथाच.

ब्लूस्कायने नेमकं इथे वेगळं बांधकाम केलं आहे. त्यांच्या ‘ॲट प्रोटोकॉल’मध्ये खात्याला एक कायमचा ओळख-क्रमांक असतो आणि हँडल, म्हणजे खात्याचं दिसणारं नाव, ही फक्त वरची पाटी. स्वतःचं डोमेन असेल तर तेच हँडल म्हणून लावता येतं. मी लावलं, काही मिनिटांचं काम होतं, आणि एकही फॉलोअर हलला नाही. पोस्ट, लाइक, फॉलो हे सगळं तुमच्या स्वतःच्या, डिजिटल सही केलेल्या भांडारात राहतं. ते भांडार एका फाइलीत उतरवता येतं (चित्रं वेगळी उतरवावी लागतात) आणि दुसऱ्या सर्व्हरवर जसंच्या तसं नेता येतं. मास्टोडॉनवर जे राहून जातं ते इथे सोबत येतं. शिवाय आपली चावी (खातं आपलंच आहे हे सिद्ध करणारा गुप्त संकेत) आधीच नोंदवून ठेवली असेल आणि बॅकअप हाताशी असेल, तर जुना सर्व्हर सहकार्य करो वा न करो, खातं हलवता येतं.

कागदावर हे मास्टोडॉनपेक्षा कितीतरी पुढचं आहे. प्रत्यक्षात मात्र ब्लूस्कायची बहुसंख्य खाती आजही कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, चाव्याही तिच्याकडेच, आणि स्वतःची चावी जोडणं सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यातलं काम नाही. मी ते केलं तेव्हा कमांड लाइनला हात लावावा लागला. जाण्याचा हक्क आहे, रस्ताही आहे, पण त्या रस्त्यावर दिवे नाहीत. लोक जाऊ शकतात आणि जात नाहीत, तेव्हा कंपनीवर वचक कसा राहणार, याची मला खरोखर काळजी वाटते.

आता मॉडरेशन, म्हणजे त्रासदायक मजकुरावर आणि खात्यांवर ठेवायची देखरेख. मास्टोडॉनवर हे काम त्या-त्या सर्व्हरचे लोक करतात, बहुतेक जण बिनपगारी. नव्या सर्व्हरवर काही दिवसांतच दुसऱ्या एका सर्व्हरवरचा इसम माझ्या प्रत्येक पोस्टखाली येऊ लागला. भाषा मराठी, शिवी एकही नाही, प्रत्येक वाक्य वरकरणी आदबशीर. मी रिपोर्ट केला. माझ्या सर्व्हरवरच्या मॉडरेटरला मराठी येत नव्हतं आणि यांत्रिक भाषांतरात सगळं सौजन्यपूर्ण दिसत होतं. पण तिने रिपोर्ट बंद केला नाही. मला विचारलं, हे कुठल्या संदर्भात बोललं जातंय? मी चार-पाच पोस्टचा अर्थ आणि क्रम लिहून पाठवला. संध्याकाळपर्यंत ते खातं आमच्या सर्व्हरपुरतं बंद झालं. तिकडच्या ॲडमिनलाही तक्रार पाठवली होती, त्याने उत्तर दिलं नाही. उत्तराची गरजही उरली नाही, कारण निर्णय आमच्या हद्दीत आमच्या माणसाने घेतला होता. नियम तेच असूनही, माणूस विचारणारा असला की केवढा फरक पडतो ते मला तेव्हा कळलं.

स्वतःपुरते फिल्टर लावायची सोय चांगली आहे, पण मराठीत ते काळजीपूर्वक लावावे लागतात. निवडणुकीच्या धुरळ्यापासून सुट्टी हवी म्हणून ‘निवडणूक’ शब्द टाकला, तर ‘निवडणुकीत’, ‘निवडणुका’ बिनदिक्कत आत येतात, कारण सामान्यरूपात ऊकाराचा उकार होतो आणि यंत्राला तो वेगळाच शब्द वाटतो. ‘पूर्ण शब्द’ची खूण काढून नुसतं ‘निवडण’ टाकलं की काम होतं. मराठीत लिहिणाऱ्यांनी आपापल्या फिल्टरांवरून एकदा नजर फिरवावी.

सर्व्हरच्या हातात मोठं हत्यार आहे ते अख्खा दुसरा सर्व्हर तोडण्याचं. त्रासदायक सर्व्हरला ‘मर्यादित’ करता येतं किंवा पूर्ण बंद करता येतं. बंद केला की त्या बाजूची सगळी नाती एका फटक्यात तुटतात. माझीही तुटली. तिथले काही जण उपद्रवी होते हे खरं, पण माझ्या यादीतली माणसं तशी नव्हती. मास्टोडॉनच्या आवृत्ती ४.३ पासून निदान कोणकोण तुटलं याची सूचना आणि यादी मिळते. निर्णयाचं कारणही आमच्या सर्व्हरच्या माहिती-पानावर लिहिलेलं होतं. मला तो पटला नाही. निघून जायची मोकळीक होती, तरी राहिले, कारण कारण सांगणारे लोक होते.

ब्लूस्कायवर मॉडरेशनचे थर आहेत. कंपनीचा मूळ थर सगळ्यांना लागू, आणि अधिकृत ॲपमध्ये तो काढता येत नाही. त्यावर कुणीही स्वतंत्र ‘लेबलर’ चालवू शकतो. तो पोस्टना किंवा खात्यांना लेबल लावतो आणि ती पोस्ट लपवायची, इशारा द्यायचा की दुर्लक्ष करायचं हे आपण ठरवतो. कुणाचा शब्द मानायचा हे आपल्या हातात राहतं, हे फार चांगलं आहे. तयार ब्लॉक-याद्यांबाबत मात्र मी सावध झाले. दुसऱ्याने केलेल्या यादीत कुणाचं नाव का आलं, हे बऱ्याचदा कुठेच लिहिलेलं नसतं आणि दादही मागता येत नाही. शिवाय ब्लूस्कायवर तुम्ही कुणाला ब्लॉक केलंय हे जाहीर असतं. छळ सोसणाऱ्या माणसाने हे आधी लक्षात घ्यावं.

दोन्हीकडचे खासगी संदेश खासगी समजू नका. मास्टोडॉनवर ते सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतात. आणि पुसलेली पोस्ट सगळ्या सर्व्हरवरून पुसली जाईलच याची हमी कुणी देत नाही, कारण पुसण्याचा निरोप मानणं त्या-त्या सर्व्हरवर आहे.

आता कुणी विचारलं तर मी सांगते : लेखन जपायचं असेल आणि स्वतःचं डोमेन असेल तर ब्लूस्काय घ्या, चावी जोडा, बॅकअप ठेवा. माणसांनी चालवलेली, बोलता येईल अशी जागा हवी असेल तर मास्टोडॉन घ्या, पण सर्व्हर निवडताना मॉडरेटर किती आहेत, बंद केलेल्या सर्व्हरांची कारणं लिहिली आहेत का आणि खर्च कुठून येतो हे बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पॅमची मोठी लाट आली होती. नोंदणी खुली आणि लक्ष द्यायला कुणी नाही, अशा छोट्या सर्व्हरांवर आपोआप खाती काढून ती पसरवली गेली, आणि ती निस्तरायला इतर सर्व्हरांचे ॲडमिन रात्रंदिवस बसले होते. माझ्या आत्ताच्या सर्व्हरला मी दर महिन्याला पैसे पाठवते. तो खर्चाचा हिशेब जाहीर करतो, आणि त्यात मॉडरेटरांच्या मानधनाचा रकाना अजून रिकामाच आहे.