दुसरा राउटर: वॅन पोर्टात की लॅन पोर्टात?

वायरच्या नेटवर्कवर आणखी एक राउटर बसवताना केबल कुठे खोचता, यावर पुढचं सगळं ठरतं.

वॅन पोर्टात (इंटरनेट आत येण्यासाठीच्या खाचेत) खोचली की नवा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. सेटिंगला फारसा हात लावावा लागत नाही. मात्र दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर एकाचा बदलावाच लागतो. नॅट, म्हणजे आतल्या पत्त्यांचं बाहेरच्या पत्त्यात रूपांतर, दोनदा होतं. नुसत्या ब्राउझिंगला ते जाणवत नाही, पण पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी आतल्या ठराविक मशीनकडे वळवणं) दोन्ही राउटरवर करावं लागतं आणि नव्या राउटरच्या आतला प्रिंटर मुख्य राउटरवरच्या कॉम्प्युटरला सापडत नाही. पाहुण्यांना वेगळं ठेवायला हा प्रकार वापरणारे एक विसरतात: आतल्यांना मुख्य राउटरचं नेटवर्क मोकळंच असतं.

लॅन पोर्टात (घरातली मशीन जोडायच्या खाचेत) जोडला तर तो फक्त स्विच (एका केबलवर अनेक मशीन जोडणारं यंत्र) आणि वायफायचं काम करतो. इथे क्रम महत्त्वाचा. आधी तो एकट्या लॅपटॉपला जोडा, पत्ता १९२.१६८.१.२ असा मुख्य राउटरच्या वाटपाबाहेरचा द्या, डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, सेव्ह करा, मगच केबल. उलट केलंत तर दोघंही पत्ते वाटत सुटतात, काही मशीनना चुकीचा गेटवे (नेटकडे जायचा रस्ता) मिळतो आणि नेट कधी चालतं, कधी नाही. असला बिघाड शोधताना डोकं उठतं. तरी घरासाठी मी हाच पर्याय निवडेन.