गार्डियनची क्रिप्टिक कोडी: सोडवायची सोय झकास, उकल मात्र आपली आपण

‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाच्या संकेतस्थळावर सोमवार ते शनिवार रोज एक क्रिप्टिक शब्दकोडं येतं, 15 बाय 15 चौकटींचं. क्रिप्टिक म्हणजे ज्यात क्लू वरवर वाचला तर फसवतो आणि उत्तर शब्दखेळातून काढावं लागतं. लंडनला मध्यरात्र झाली की ते उघडतं. म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे 5.30 ला, आणि तिकडची घड्याळं उन्हाळ्यासाठी पुढे सरकली की 4.30 ला. ब्राउझरवर सोडवायला पैसे पडत नाहीत. चार-पाच जणांनी मिळून रोज एक कोडं फोडायचं आणि प्रत्येक क्लूची उकल एकमेकांना समजावायची, या कामासाठी ही जागा कशी आहे, एवढंच इथे पाहू.

आधी यंत्रणा. जाळ्याखाली मोजकी बटणं आहेत: निवडलेला शब्द तपासा, सगळं तपासा, शब्द उघडा, सगळं उघडा, पुसा, आणि अॅनाग्रॅमचा, म्हणजे तीच अक्षरं उलटसुलट करून दुसरा शब्द बनवण्याचा, मदतनीस. या मदतनिसात अक्षरं टाकली की तो ती गोलात विखरून दाखवतो आणि जाळ्यात आधीच भरलेली अक्षरं खाली जागच्या जागी ठेवतो. कागदावर गोल करून अक्षरं लिहिण्याची जुनी सवय जशीच्या तशी पडद्यावर आणली आहे. सरळ रेषेत लिहिलेली अक्षरं डोळा पुन्हा पुन्हा त्याच शब्दात वाचतो, गोलात लिहिली की ती सुटी दिसतात.

‘तपासा’ हे बटण मात्र जपून वापरायला हवं. चुकलेली अक्षरं ते काढून टाकतं, त्यामुळे एखादा चौकोन अडला की ए पासून झेड पर्यंत एकेक अक्षर घालून पाहण्याचा मोह होतो. कोडं भरतं, डोक्यात काही उरत नाही. गटात साधा नियम ठेवावा: सगळे क्लू भरल्याशिवाय ‘तपासा’ला हात लावायचा नाही आणि ‘उघडा’ला तर सगळ्यांची संमती घ्यायची.

गटाच्या दृष्टीने दोन अडचणी. भरलेलं जाळं त्या ब्राउझरपुरतंच साठतं. ऑफिसच्या संगणकावर अर्धवट सोडलेलं कोडं घरच्या फोनवर कोरं दिसतं, आणि खाजगी खिडकीत उघडलं असेल तर खिडकी बंद करताच सगळं जातं. दोघांना एकाच जाळ्यात लिहिण्याची सोयही नाही. तेव्हा व्हिडिओ कॉलवर एकाने पडदा दाखवायचा, भरायचं त्यानेच, बाकीच्यांनी बोलायचं. नाहीतर छापील आवृत्ती काढावी. तिची पीडीएफ एका पानात नीट बसते.

याहून मोठी अडचण वेगळीच. ‘उघडा’ दाबलं की उत्तर कळतं, ते तेच का, हे कळत नाही. रोजच्या कोड्याची उकल त्या पानावर दिलेलीच नसते. आणि क्रिप्टिकमध्ये उत्तरापेक्षा उकल मोलाची. ज्यांना क्लूचे प्रकार ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी ते मराठीत करून दाखवलेले बरे, कारण इंग्रजी क्लूवर इंग्रजी खुलासा म्हणजे नवख्याला दुहेरी ओझं.

जवळपास प्रत्येक क्लूमध्ये दोन वाटा एकाच उत्तराकडे जातात. एक साधा अर्थ, जो नेहमी क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मधोमध कधीच नाही. उरलेला भाग शब्दखेळ. हा क्लू बघा: ‘ऋतू पाळा पोटात व्रत धरून (4)’. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं. वाचताना कोणी चातुर्मासाचा उपदेश करतंय असं वाटतं, आणि तसं वाटावं हीच लबाडी. अर्थ आहे ‘ऋतू’. ‘व्रत’ म्हणजे वसा. ‘पाळा’ हा शब्द जसाच्या तसा घ्यायचा आणि त्याच्या पोटात वसा ठेवायचा: पा-वसा-ळा. पावसाळा. हा झाला डबीतला क्लू.

‘उद्योग थंड, तरी मजूर (4)’ हा जोडक्लू: काम अधिक गार, कामगार. ‘रवा उलटला, घाव बसला (2)’ मध्ये र-वा उलटून वा-र. ‘निकट येतो थोडा समाज वळणावर (3)’ मध्ये उत्तर उघड्यावर पडलेलं आहे. ‘थोडा’ सांगतो की पुढच्या अक्षरांतला तुकडाच घ्या: समा-ज वळ-णावर. दुहेरी अर्थाचा क्लू सर्वात आखूड: ‘हात वसुली (2)’, उत्तर कर. आणि ‘मगर खवळली, कढत झाली (3)’ हा अॅनाग्रॅम. ‘खवळली’ हा इशारा, म-ग-र ढवळले की गरम.

या शेवटच्या उदाहरणातच मराठी आणि इंग्रजीतला फरक सापडतो. आपल्या शब्दकोड्यात एका चौकोनात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. मात्रा सुटी करून दुसऱ्या अक्षराला लावता येत नाही, म्हणून मराठीत अॅनाग्रॅम फार थोडे जमतात आणि जोडक्लू, डबीतले क्लू सुरेख जमतात. इंग्रजीत 26 सुटी अक्षरं कशीही फिरतात. मराठी शब्दकोड्यांत मुरलेल्या माणसाला म्हणूनच गार्डियनमध्ये आल्यावर अॅनाग्रॅमचा इशारा ओळखायला वेळ लागतो. ‘वाइल्ड’, ‘ड्रंक’, ‘ब्रोकन’, ‘नॉव्हेल’, ‘कुक्ड’ असले शब्द दिसले की शेजारची अक्षरं मोजायची. संख्या कंसातल्या आकड्याशी जुळली तर बहुतेक तेच.

समजावताना उत्तर आधी सांगू नये. पहिल्या फेरीत फक्त अर्थ कोणत्या टोकाला आहे ते सांगायचं. दुसऱ्या फेरीत क्लूचा प्रकार. तिसऱ्यात इशाऱ्याचा शब्द. चौथ्यात कच्चा माल, म्हणजे कोणती अक्षरं घ्यायची. बहुतेक क्लू तिसऱ्या फेरीपर्यंत सुटतात. लिहून उकल देताना अर्थाखाली रेघ, डबीसाठी कंस, उलट्यासाठी डावीकडचा बाण आणि अॅनाग्रॅमसाठी तारा असा रिवाज आहे. व्हॉट्सअॅपवर मात्र तारा हे ठळक अक्षरांचं चिन्ह असल्यामुळे तो मध्येच गायब होऊ शकतो. तिथे सरळ ‘अना.’ लिहावं. उकलीत क्लूमधला एकही शब्द बिनकामाचा उरता कामा नये. उरला, तर उत्तर तरी चुकलं आहे किंवा उकल तरी. नुसत्या अर्थावरून ठोकलेलं उत्तर आडव्या-उभ्या अक्षरांत बसलं तरी त्याला तुक्काच म्हणायचं, आणि उकल सापडेपर्यंत त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवायचं.

आता आपल्याला नडतं कुठे? क्रिकेटमध्ये अजिबात नाही. ‘डक’ म्हणजे शून्य, शून्य म्हणजे ओ हे अक्षर. पुढे ‘मेन’ लावला की ‘ओमेन’, शकुन. ‘मेडन’ म्हणजे एम, ‘ऑन’ म्हणजे लेग, हे इथे शाळकरी पोरही सांगेल. ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल नव्हे, ‘फ्लो’ होणारी, वाहणारी, म्हणून नदी, ही खोडी एकदा कळली की कळली. पण नदी निघते एक्स, डी, कॅम किंवा टीज, आणि त्यांची यादी वहीत करूनच ठेवावी लागते.

खरी पंचाईत उच्चाराच्या क्लूंची. ‘ऐकायला आलं’, ‘रेडिओवर’ असा इशारा असला की सारखा उच्चार असलेला शब्द शोधायचा. दक्षिण इंग्लंडच्या बोलीत शेवटचा किंवा व्यंजनाआधीचा र गिळतात, त्यामुळे त्यांना ‘सोर्स’ आणि ‘सॉस’ एकच ऐकू येतात, ‘कोर्ट’ आणि ‘कॉट’सुद्धा. ही ‘कॉट’ म्हणजे पकडलं या अर्थाची, झोपायची नव्हे. आपण र ठणठणीत उच्चारतो, म्हणून ही जोडी कानाला लागतच नाही. अशा क्लूमध्ये र पुसून शब्द मोठ्याने म्हणावा.

गार्डियनचे रचनाकार टोपणनावाने लिहितात आणि प्रत्येकाची ढब वेगळी. इथे लंडनच्या ‘टाइम्स’मधल्या क्रिप्टिकपेक्षा नियम सैल. क्लू एकमेकांकडे बोट दाखवतात, एकाच विषयाचे शब्द न सांगता कोडंभर पेरलेले असतात. अर्धं जाळं भरल्यावर तीन-चार उत्तरांत नातं दिसलं तर उरलेली त्याच दिशेने शोधावीत. काटेकोर नियमांची सवय असलेल्यांना हा सैलपणा खटकतो. गटात वाद घालायला मात्र तोच उपयोगी पडतो. सोमवारचं कोडं सहसा सर्वात सौम्य. शनिवारचं बक्षिसाचं, त्याला तपासण्या-उघडण्याची बटणं लगेच मिळत नाहीत, आणि मुदत संपण्याआधी त्याची उत्तरं चारचौघांत फोडायची नाहीत हा संकेत सगळे पाळतात.

अगदी नवख्यांनी यातलं काहीच आधी घेऊ नये. 2024 पासून शनिवारी येणारं ‘क्विक क्रिप्टिक’ घ्यावं: लहान जाळं, मोजकेच क्लूप्रकार, आणि ते प्रकार त्याच पानावर समजावलेले. त्यानंतर आठवड्याला एक येणारं गार्डियनचंच सोपं क्रिप्टिक, ‘क्विप्टिक’. इंग्लंडच्या नद्यांचा फारच कंटाळा आला तर ‘द हिंदू’चं रोजचं क्रिप्टिक आहेच. ‘मिनिट क्रिप्टिक’ या संकेतस्थळावर दिवसाला एकच क्लू मिळतो, पण मदत टप्प्याटप्प्याने आणि उकलही पूर्ण, म्हणजे गार्डियनमध्ये नेमकं जे नाही ते. सकाळी तो एक क्लू, रात्री गटाबरोबर सोमवारचं गार्डियन, असं महिनाभर केलं तर मंगळवारचं कोडं निम्मं भरायला हरकत नाही. गार्डियनचं ‘जिनियस’ नावाचं महिन्यातून एकदा येणारं महाकठीण कोडं मात्र पहिल्या वर्षी उघडूच नये.