मंगळ वक्री दाखवणारी लाकडी पेटी : एका वर्षाच्या वापरानंतर

सांगलीच्या बाजारपेठेतील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून नोव्हेंबर २०२४ मध्ये मी ‘ग्रहगती पेटी’ या नावाने विकले जाणारे, मंगळ वक्री होताना म्हणजे ताऱ्यांमध्ये काही काळ उलटा सरकताना दाखवणारे लाकडी उपकरण १,८५० रुपयांना घेतले. पेटी मिरजेतील एका कारागिराकडून करवून घेतली असल्याचे दुकानदारांनी सांगितले आणि ते खरे असावे, कारण तिच्या खुंट्या तंबोऱ्याच्या खुंट्यांसारख्याच हाताला गुळगुळीत लागतात व पॉलिशही त्याच जातीचे आहे. आता वर्ष उलटल्यावर, हिवाळ्यातले आकाश आणि पावसाळ्यातली दमट हवा या दोन्हींत ती वापरून झाल्यावर, तिच्याविषयी लिहिणे योग्य वाटते.

पेटीची रचना साधी आहे. मध्यभागी सूर्याची पितळी गुंडी, तिच्याभोवती फिरणाऱ्या दोन पट्ट्या, दहा सेंटिमीटरवर पृथ्वीची खुंटी आणि सव्वापंधरा सेंटिमीटरवर मंगळाची. बाजूची मूठ फिरवली की दोन्ही पट्ट्या आपापल्या वेगाने फिरतात. आतल्या दातेरी चाकांपैकी शेवटच्या जोडीचे प्रमाण २५ ला ४७ आहे, म्हणजे पृथ्वीच्या १.८८ फेऱ्यांत मंगळाची एक फेरी पुरी होते. प्रत्यक्षात मंगळाचे वर्ष जवळपास ६८७ दिवसांचे असल्याने एका फेरीमागे दिवसाच्या एक तृतीयांशाइतकीच चूक राहते, आणि लाकडी चाकांकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

या पेटीचे खरे मर्म मात्र चाकांत नसून पृथ्वीच्या खुंटीवर बसवलेल्या अंशांच्या चकतीत आहे. शाळांच्या प्रदर्शनांत दिसणाऱ्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतींत पृथ्वीपासून मंगळाकडे जाणारी काडी बाहेरच्या एका कड्यावर टेकवतात आणि त्या कड्यालाच तारे समजतात. तारे इतके जवळ आणले की सगळा हिशेब बिघडतो. कडे सूर्य-पृथ्वी अंतराच्या तिपटीवर असेल तर काडीचे टोक मागे सरकतच नाही. मी स्वतः कागदावर मांडून पाहिले, किमान पावणेचार पटीच्या पुढे गेल्याशिवाय वक्रगती उमटत नाही. या कारागिराने कडेच काढून टाकले. सूर्याच्या गुंडीखाली एक स्थिर कप्पी, पृथ्वीखाली तेवढ्याच आकाराची दुसरी आणि दोहोंवरून दोऱ्याचा पट्टा अशी योजना केल्यामुळे पृथ्वी कुठेही गेली तरी चकतीचे शून्य कायम एकाच दिशेला राहते. त्या चकतीवर मंगळाकडे रोखलेला काटा वाचायचा, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भातली दिशा सरळ मिळते.

मूठ सावकाश फिरवत राहिले की काटा पुढे पुढे जातो, मंदावतो, थबकतो आणि मग चक्क मागे वळतो. त्या क्षणी खालच्या पट्ट्यांकडे पाहावे. दोन्ही पूर्वीच्याच दिशेने चाललेल्या असतात, फक्त आतल्या मार्गावरची वेगवान पृथ्वी मंगळाला मागे टाकत असते. काटा थबकतो तेव्हा दोन पट्ट्यांमधला कोन मी वारंवार मोजला, तो १७ अंशांच्या आसपास येतो. ‘सूर्यसिद्धान्त’ या जुन्या ज्योतिषग्रंथात मंगळ वक्री होण्याचे शीघ्रकेंद्र (सूर्य आणि मंगळ यांच्या सरासरी स्थानांमधला कोन; मंगळ सूर्याच्या बरोबर समोर आला की १८० अंश) १६४ अंश दिले आहे, म्हणजे १८० ला १६ अंश कमी. सूर्याला मध्यभागी न मानताही जुन्या गणितज्ञांनी हा आकडा जवळपास बिनचूक काढला होता, आणि तो असा आपल्या टेबलावर कोनमापकाने पडताळता येतो, एवढ्यासाठीच माझ्या मते पेटीची किंमत वसूल झाली.

पेटी घेतली तो हंगामही अनुकूल होता. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मंगळ कर्क राशीत पुष्य नक्षत्राच्या तारकापुंजाजवळ थांबला, जानेवारीत मागे येत पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ पोहोचला आणि २४ फेब्रुवारीला मिथुनेत मार्गी झाला, म्हणजे पुन्हा सरळ चालू लागला. विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवरून दर तीन-चार दिवसांनी मी त्याची जागा वहीत टिपत होतो. १६ जानेवारीच्या प्रतियुतीच्या, म्हणजे मंगळ सूर्याच्या बरोबर समोर येण्याच्या, सुमारास तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर, तांबडा आणि ठसठशीत दिसत होता, आणि पेटीतही त्याच वेळी दोन्ही खुंट्या सर्वांत जवळ आलेल्या होत्या.

इथेच पेटीची पहिली मर्यादा लक्षात आली. वहीप्रमाणे मंगळ ८० दिवस वक्री होता आणि सुमारे १९ अंश मागे गेला. पेटी मात्र दर वेळी ७३ दिवसच दाखवते, कारण तिच्यातल्या कक्षा शुद्ध वर्तुळे आहेत. खरी कक्षा लंबवर्तुळाकार आहे. २०१८ मध्ये प्रतियुती मंगळ सूर्याजवळ असताना झाली, तेव्हा तो स्वतःच वेगात असल्यामुळे पृथ्वीची आघाडी थोडी होती आणि वक्रगती ६२ दिवसांत व जेमतेम साडेदहा अंशांत आटोपली. ग्रहकक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे दाखवणाऱ्या केप्लरला मंगळानेच वर्तुळ सोडायला भाग पाडले ते याच प्रकारच्या विसंगतींमुळे. तेव्हा हा दोष कारागिराच्या माथी मारण्याचे कारण नाही, परंतु माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख हवा होता.

पुस्तिका हाच या खरेदीतला निकृष्ट भाग आहे. सोळा पानांपैकी जेमतेम चार पाने उपकरणाला दिली आहेत आणि उरलेल्यांत ‘बुध वक्री असताना करार करू नयेत, मोबाइल घेऊ नये’ अशा सूचना आहेत. ज्या बुधाची भीती घातली, तो या पेटीत दाखवताच येत नाही. अंतर्ग्रहांसाठी, म्हणजे पृथ्वीच्या आत फिरणाऱ्या बुध-शुक्रांसाठी, वेगळा संच नाही. शिवाय वक्री बुध त्या काळात आपल्या आणि सूर्याच्या मधून जात असल्याने बहुतेक दिवस सूर्यप्रकाशात लोपलेला असतो, आणि हे वर्षातून साधारण तीन वेळा, प्रत्येकी तीन आठवडे घडते. वर्षातले दोन महिने व्यवहार बंद ठेवायचे म्हटले तर आमच्या हळदीच्या पेठेने काय करावे, हे लेखकाने सांगितलेले नाही. मला अधिक खटकले ते हे की आपल्या फलज्योतिषाची परंपराही या भयाला पाठिंबा देत नाही. षड्बलातील म्हणजे ग्रहाच्या सहा बळांतील चेष्टाबल, जे गतीवरून ठरते, वक्री ग्रहाला बलवान मानते, आणि मंगळ, गुरू, शनी यांच्या बाबतीत वक्री काळ म्हणजेच ते पृथ्वीजवळ व तेजस्वी असण्याचा काळ, हे पाहता त्या कल्पनेमागे डोळ्यांनी केलेले निरीक्षण असावे असे वाटते. फलितावर माझा विश्वास नाही. पण ज्याला ते सांगायचे आहे त्याने निदान आपल्याच घरचे ग्रंथ वाचावेत.

दुसरा दोष व्यावहारिक आहे. कप्प्यांवरचा दोरा सुती असून जुलैमध्ये कृष्णाकाठच्या दमट हवेत तो सैल पडला, चकती घसरू लागली आणि एका संध्याकाळी शेजारच्या मुलांसमोर मंगळ वक्री होण्याऐवजी भलतीकडेच निघून गेला. दुकानात तक्रार केली तेव्हा दोरा बदलून मिळाला, परंतु तोही सुतीच. अखेर मासे पकडायच्या गळाची नायलॉनची बारीक दोरी आणून बसवली. तेव्हापासून चकती हललेली नाही.

आठवीच्या पुढच्या मुलांसाठी किंवा घरात पंचांग येते पण त्यातला ‘व’ म्हणजे काय हे कोणी कधी विचारले नाही अशा कुटुंबासाठी ही पेटी अवश्य घ्यावी. दुकानातच मूठ दोन फेऱ्या फिरवून चकतीचे शून्य जागेवर राहते का ते पाहावे आणि पुस्तिकेची पहिली चार पाने तेवढी ठेवावीत. मंगळ पुन्हा जानेवारी ते मार्च २०२७ या काळात सिंहेच्या तारकासमूहात वक्री असेल. माझ्या चकतीवर त्याची खूण पेन्सिलीने करून ठेवली आहे.