कार्ब्युरेटर की इंजेक्शन? छोटं विमान निवडताना बर्फाचा विचार

सेस्ना १७२ घ्यायचं ठरलं, तरी प्रश्न उरतोच. जुन्या मॉडेलांत कार्ब्युरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) आहे, तर १९९६ साली आलेल्या १७२ आरपासून इंजेक्शन. किंमत, वजन, सुटे भाग यांवर सगळेच बोलतात; मी बर्फाबद्दल बोलतो.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब कमी होतो आणि तिथेच इंधनाची वाफ होते. दोन्हींमुळे आतलं तापमान तीसेक अंशांनीही घसरू शकतं. म्हणून बाहेर २५ अंश ऊन असलं, तरी हवा दमट आणि थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) मागे असेल तर कार्ब्युरेटरमधल्या थ्रॉटलच्या झडपेच्या पातीवर बर्फ धरतो. ज्याच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलत नाही अशा विमानात आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हळूहळू उतरतात, वैमानिक नकळत थ्रॉटल थोडा पुढे करतो आणि रोग झाकला जातो.

उपाय म्हणजे कार्ब हीट, म्हणजे नॉब ओढून कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडायची सोय. पण ती ओढल्यावर इंजिन आधी आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. घाबरून नॉब परत ढकलायचा मोह तिथेच होतो; तो टाळायचा. शिवाय ही उष्णता एक्झॉस्टमधून येते. इंजिन बंद पडलं की एक्झॉस्टही थंडावतो, म्हणजे उशीर केलात तर उपायच हातातून जातो. सगळे कार्ब्युरेटर सारखे नसतात म्हणा: बऱ्याच लायकमिंग इंजिनांत तो तेलाच्या टाकीला चिकटलेला, त्यामुळे उबदार, सेस्ना १५० मधलं काँटिनेंटल ओ-२०० इंजिन मात्र याबाबतीत बदनाम आहे.

इंजेक्शनमध्ये इंधन थेट गरम सिलिंडरच्या तोंडाशी फवारलं जातं, त्यामुळे हा बर्फ होतच नाही. हवेचा फिल्टर मात्र हिमाने किंवा बर्फाने बुजू शकतो. त्यासाठी पर्यायी हवेची झडप असते. गरम इंजिन पुन्हा चालू करताना नळ्यांत इंधनाची वाफ होऊन नाकी नऊ येतात, ती कटकट वेगळी.

दमट भागात, वारंवार सर्किट मारत (धावपट्टीभोवती फेरी घेऊन उतरत) शिकणाऱ्यांसाठी विमान हवं असेल, तर मी इंजेक्शनलाच झुकतं माप देईन. बजेट आखडतं असेल तर कार्ब्युरेटरही चालेल, पण त्यात कार्ब्युरेटर तापमापक बसवून घ्या. व्यवहाराआधी रन-अप (उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन चालवून केलेली तपासणी) करताना कार्ब हीट ओढून बघा: आरपीएम जरा तरी पडायलाच हवेत. काटा जागचा हलला नाही, तर गरम हवा आत पोचतच नाही. दुरुस्ती झाल्याशिवाय पैसे देऊ नका.