ओपन पेमेंट्स : औषध कंपन्यांकडून डॉक्टरांना मिळणाऱ्या पैशांच्या सरकारी नोंदवहीचे परीक्षण

औषधे आणि वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या अमेरिकेतील डॉक्टरांना जे मानधन, सल्लाशुल्क, प्रवासखर्च आणि जेवण देतात, त्यांचा तपशील कोणालाही पाहता यावा म्हणून तिथले केंद्र सरकार ‘ओपन पेमेंट्स’ ही सेवा चालवते. औषधव्यवसायातील लाचखोरीच्या प्रकरणांचा अभ्यास करताना मी तिचा नेहमी उपयोग करते. पैसा कोणाकडून कोणाकडे गेला हे दाखवण्यात ती उत्तम आहे. तो कशासाठी गेला हे सांगण्यात मात्र ती फार कमी पडते, आणि लाचखोरीच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न महत्त्वाचा असतो.

कंपन्यांना ही माहिती देणे बंधनकारक करणारा, आणि चक ग्रासली व हर्ब कोल या परस्परविरोधी पक्षांतील दोन सिनेटरांनी ज्याचा पाठपुरावा केला, तो ‘सनशाइन अ‍ॅक्ट’ २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्याचा भाग म्हणून मंजूर झाला. ऑगस्ट २०१३ पासून नोंदी गोळा होऊ लागल्या आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी पहिली माहिती लोकांसमोर आली. सुरुवातीला १० डॉलरपेक्षा कमी रकमेची स्वतंत्र नोंद करण्याची सक्ती नव्हती, परंतु वर्षभराची बेरीज १०० डॉलरच्या पुढे गेली तर अशा किरकोळ रकमाही दाखवाव्या लागत; या मर्यादा महागाईनुसार वाढत गेल्या आहेत. जाणूनबुजून नोंद लपवणाऱ्या कंपनीला प्रत्येक नोंदीमागे १० हजार ते १ लाख डॉलर दंडाची तरतूद मूळ कायद्यातच आहे.

वापर सोपा आहे. नावनोंदणी लागत नाही, पैसे पडत नाहीत. डॉक्टरचे नाव टाकले की वर्षवार बेरीज समोर येते, आणि पुढे गेल्यावर एकेक नोंद उघडते: कंपनीचे नाव, तारीख, रक्कम, ती रोख स्वरूपात दिली की वस्तुरूपात, आणि ती ज्या औषधाशी किंवा उपकरणाशी संबंधित आहे त्याचे नाव. एखाद्या डॉक्टरच्या यादीत एकाच कंपनीच्या जेवणाच्या नोंदी एकाखाली एक दिसू लागतात, प्रत्येक रक्कम पंधरा-वीस डॉलरच्या आसपासची, आणि औषधाच्या रकान्यात पुन्हा पुन्हा तेच एक नाव. कोणीही आरोप केलेला नसतो, तरी त्या औषधाच्या चिठ्ठीकडे आपण पूर्वीसारखे पाहू शकत नाही. संशोधनासाठीचे पैसे आणि कंपनीतील गुंतवणूक यांचे विभाग वेगळे ठेवले आहेत, हेही योग्यच आहे. चाचणीसाठी संस्थेला मिळालेला निधी आणि डॉक्टरच्या खिशात गेलेले मानधन यांची गल्लत होऊ नये.

आता मुख्य त्रुटीकडे येते. प्रत्येक रकमेचे स्वरूप कंपनी स्वतः ठरवून लिहिते. व्याख्यानाच्या मानधनासाठी एक ठरलेला प्रकार आहे, आणि नव्या उपचारपद्धतीवर मनापासून तयारी करून बोलणाऱ्या तज्ज्ञाची रक्कम जशी त्यात बसते, तशीच केवळ चिठ्ठ्या लिहिण्याच्या मोबदल्यात दिलेली रक्कमही बसते. इन्सिस थेराप्युटिक्स या कंपनीचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. कर्करोगाच्या रुग्णांना मधूनच उसळणाऱ्या तीव्र वेदनांसाठी मंजूर झालेला ‘सबसिस’ हा फेंटानिल या अतितीव्र ओपिऑइड (अफूवर्गीय) वेदनाशामकाचा फवारा अधिकाधिक लिहिला जावा म्हणून या कंपनीने डॉक्टरांना ‘व्याख्यानां’चे मानधन वाटले, आणि कोणत्या वक्त्यावर केलेल्या खर्चातून चिठ्ठ्यांच्या रूपाने किती परतावा मिळाला याचा हिशेबही ठेवला. संस्थापक जॉन कपूर यांना मे २०१९ मध्ये बॉस्टन येथील ज्युरीने दोषी ठरवले आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांना ६६ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. न्यायालयात लाच ठरलेले हे मानधन आणि प्रामाणिक व्याख्यात्याचे मानधन या सेवेच्या यादीत एकाच नावाखाली येते.

नोव्हार्टिस या औषध कंपनीचे प्रकरण नोंदी सुरू होण्यापूर्वीच्या काळातले, २००२ ते २०११ या वर्षांमधले आहे. महागड्या उपाहारगृहांत भरवलेल्या ज्या कार्यक्रमांत औषधाविषयी जेमतेम बोलणे झाले किंवा काहीच झाले नाही, अशा कार्यक्रमांच्या आरोपांवरून कंपनीने जुलै २०२० मध्ये अमेरिकेत ६७ कोटी ८० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. हे प्रकरण बाहेर आले ते कंपनीच्याच एका माजी विक्री प्रतिनिधीने दाखल केलेल्या दाव्यामुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने व्याख्यान कार्यक्रमांविषयी खास इशारा प्रसिद्ध केला. त्यात ओपन पेमेंट्समधील नोंदींचाच आधार घेऊन, मागील तीन वर्षांत अशा सेवांपोटी जवळपास २०० कोटी डॉलर दिले गेल्याचे नमूद केले होते. म्हणजे आकडे सरकारजवळ होतेच. व्याख्यान कुठे झाले, श्रोते किती होते, तोच विषय त्याच श्रोत्यांपुढे कितव्यांदा मांडला गेला, हे तपशील नोंदीत सक्तीचे केले असते तर संशयास्पद कार्यक्रम सामान्य वाचकालाही ओळखता आले असते. ही सुधारणा मला सर्वांत निकडीची वाटते.

किरकोळ जेवणाच्या नोंदींची दखल घेण्याचे कारण नाही, असे काही डॉक्टर म्हणतात. मला ते पटत नाही. २०१६ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच सेवेतील २०१३ च्या नोंदी ‘मेडिकेअर’ या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याखालील चिठ्ठ्यांशी जुळवून पाहिल्या गेल्या, तेव्हा २० डॉलरहून कमी किमतीचे एकच जेवण घेतलेल्या डॉक्टरांतही प्रचार केलेल्या औषधाच्या चिठ्ठ्यांचे प्रमाण अधिक आढळले. जेवणामुळेच चिठ्ठ्या वाढल्या असे त्यावरून सिद्ध होत नाही आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही, पण संबंध दुर्लक्ष करण्याजोगा नाही. चिठ्ठ्यांची माहितीही ओपन पेमेंट्स चालवणारी सरकारी संस्थाच प्रसिद्ध करते, मात्र वेगळ्या ठिकाणी. दोन्ही माहित्या डॉक्टरच्या एकाच पानावर शेजारी शेजारी का दाखवल्या जात नाहीत, हे मला समजलेले नाही.

या सेवेचे खरे सामर्थ्य सप्टेंबर २०१८ मध्ये दिसले. न्यूयॉर्कमधील मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होजे बासेल्गा यांनी अनेक शोधनिबंधांत कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध उघड केले नव्हते; पत्रकारांनी ते निबंध आणि या नोंदी ताडून पाहिल्या, आणि वृत्त प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच त्यांनी पद सोडले.

काही गोष्टी मुळातच कक्षेबाहेर आहेत. रुग्णसंघटनांना मिळणाऱ्या देणग्या येथे दिसत नाहीत आणि रुग्णांसाठी दिलेले औषधांचे नमुनेही दिसत नाहीत. परदेशांतील लाच तर नाहीच. तेवा या औषध कंपनीने रशिया, युक्रेन आणि मेक्सिकोतील अशा लाचेबद्दल २०१६ मध्ये सुमारे ५१ कोटी ९० लाख डॉलर भरले, ते वेगळ्या कायद्याखाली. सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण प्रॅक्टिस फ्यूजनचे. डॉक्टरांना रुग्णनोंदींची संगणकप्रणाली पुरवणाऱ्या या कंपनीने ओपिऑइड वेदनाशामकांच्या उत्पादकाकडून पैसे घेऊन, डॉक्टर उपचार ठरवत असतानाच पडद्यावर दिसणाऱ्या सूचना त्या उत्पादकाच्या सोयीने रचल्या, आणि जानेवारी २०२० मध्ये १४ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड केली. त्यात डॉक्टरला एक डॉलरही मिळाला नव्हता, त्यामुळे या नोंदवहीत त्याचा मागमूस असणे शक्यच नव्हते.

नोंदी दरवर्षी ३० जूनला, म्हणजे आदल्या वर्षाच्या व्यवहारांनंतर बऱ्याच महिन्यांनी येतात, आणि जुनी वर्षे शोधातून काढून संग्रहात ठेवली जातात, जिथून त्या अवजड फाइली उतरवून घ्याव्या लागतात. पत्रकारांना ते जमते, आजारी माणसाला जमणार नाही. आपली नोंद चुकीची वाटल्यास डॉक्टरांना प्रसिद्धीपूर्वी ४५ दिवस तपासणीची मुभा असते आणि न मिटलेला वाद असल्यास नोंदीपुढे तसा उल्लेख येतो, तो वाचकाने अवश्य पाहावा. एखादे नवे, महागडे औषध सुचवले गेले असेल तर त्या औषधाचे नाव आपल्या डॉक्टरच्या यादीत आहे का हे आधी पाहावे आणि असल्यास त्याविषयी डॉक्टरांना सरळ विचारावे, एवढ्या कामासाठी मी ही सेवा निःसंकोच सुचवेन.