एकाच पाइपात जाड वायर, की सर्किटागणिक वेगळा पाइप?

गीझर, एसी आणि इंडक्शन. भिंतीत कन्सील्ड फिटिंग करताना या तिन्ही सर्किटांच्या वायरी सहसा एकाच पाइपात कोंबल्या जातात. झिरी एकच मारावी लागते आणि काम लवकर उरकतं.

पण प्रत्येक वायर स्वतः तापते आणि शेजारणीलाही तापवते. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या तक्त्यात पीव्हीसी इन्सुलेशनची अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची वायर पाइपात एकटं सर्किट असताना, 30 अंशांना, 24 अँपिअर पेलते. तीन सर्किटं एकत्र आली की 0.70 ने गुणायचं. आपल्याकडच्या 40 अंशांसाठी आणखी 0.87 ने. उरतात साधारण 14.6 अँपिअर. त्यावर 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेल्यास आपोआप पडणारा स्विच, बसवला आणि तिन्ही सर्किटांवर 16 च्या आसपास भार आला, तर वायर तिच्या मर्यादेपलीकडे तापत राहील आणि एमसीबी पडणारही नाही. मला या जोडीचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते.

चार स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर हाच हिशेब साडेएकोणीसवर जातो, म्हणजे 16 चा एमसीबी निर्धास्त चालतो. मात्र अर्थिंगसह नऊ जाड वायरी बेंडमधून ओढताना इन्सुलेशन सोलवटू शकतं.

वेगळ्या पाइपांत, पाइपांमध्ये पुरेसं अंतर ठेवल्यास, अडीचचीच वायर जवळपास 21 अँपिअर देते. झिऱ्या तीन माराव्या लागतात, एवढंच. नव्या बांधकामात मी हेच सुचवेन. जुन्या घरात भिंती फोडायच्या नसतील, तर पाइपात जागा असेपर्यंत चारची वायर घ्यावी.